माळ, चढ आणि घुंगरांची काठी

फार पूर्वी, निरोप माणसांच्या पायांनी जायचे त्या काळी, एका माळावर एक गाव होतं. गावापुढे तीन कोस सपाट माळ, माळ संपला की उभा डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर एक गढी. गढीवर एक वैद्य राहायचे. आजूबाजूच्या बारा गावांत तेवढे एकच वैद्य होते.

गढीचा दरवाजा सहसा उघडत नसे. प्रत्येक गावाला गढीवरून घुंगरं बांधलेली एकेक काठी दिलेली होती. त्या घुंगरांचा आवाज ओळखूनच पहारेकरी आत घ्यायचे. काठी ज्याच्याकडे, तो गावाचा निरोप्या. दर दसऱ्याला गावाच्या शिवेभोवती सात फेऱ्यांची शर्यत लागायची आणि जो जिंकेल त्याला वर्षभर काठी मिळायची. नियम एकच होता, पण कडक. निरोप्याने वाटेत काठी दुसऱ्याच्या हातात दिली, की ती त्या दुसऱ्याची झाली. ती पुन्हा मागायची नाही.

शर्यतीत एकही चढ नव्हता. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण डोंगरावर बसून शर्यत बघायला कोण जाणार, म्हणून कोणी बोललं नाही.

तीन वर्षं ही काठी हैबतीकडे होती. तो रोज उजाडताच निघायचा, दोन कोस जायचा आणि दोन कोस परत यायचा, सगळी वाट एकाच चालीने. धावता धावता बोलता आलं पाहिजे, असं तो म्हणायचा. आणि खरंच, वाटेत कोणी भेटलं तर तो न थांबता त्याच्या घरच्या सगळ्यांची विचारपूस करायचा आणि त्याला दम लागलेला नसायचा.

तिन्ही वर्षं त्याच्याकडून हरला तो धुळाजी, हैबतीच्या बायकोचा भाऊ. त्याची रीत अगदी उलटी. वडापासून विहिरीपर्यंत जीव खाऊन पळायचं, छाती फुटेल असं वाटेपर्यंत. मग कमरेवर हात ठेवून हळूहळू चालत परत यायचं, श्वास खाली बसू द्यायचा आणि पुन्हा पळायचं. अशा आठ खेपा. घरात पहिली भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत त्याचा सराव संपलेला असायचा.

चावडीवर दोघांची रोज जुंपायची. धुळाजी विचारायचा, "दाजी, तुम्ही धावायला जाता की म्हशी चारायला?" हैबती म्हणायचा, "आणि तुझ्यामागे रोज मधमाशा लागतात, त्या कोणाच्या?" लोक हसायचे. सुरुवातीला ते दोघंही हसायचे. मग गावाचे दोन तट पडले. कोणाची रीत खरी यावर पैजा लागायला लागल्या, आणि हळूहळू दोघांचं हसू बंद झालं. तिसऱ्यांदा हरल्यावर धुळाजीने गाव सोडलं. डोंगराच्या पायथ्याशी त्याने झोपडी बांधली आणि रोज चढावर पळायला लागला. त्यानंतर हैबती गढीवर जाताना त्या झोपडीकडे बघायचासुद्धा नाही. एरवी निरोप घाईचे नसायचे. चढ तो बसत बसत चढायचा आणि ते कोणाला कळायचं नाही.

हैबतीला सहा वर्षांची मुलगी होती, सगुणा. बाप माळावरून येताना दिसला की ती काठीला लोंबकळायची आणि घुंगरं वाजवायची. मामाची तिला फार आठवण यायची, पण घरात त्याचं नाव काढायचं नाही हे तिला कळलं होतं.

एका दुपारी सगुणा गोवऱ्या आणायला गेली आणि तिच्या हाताला विंचवाने नांगी मारली. गावात विंचू नवे नव्हते. पण हिचा हात गार पडला, अंगाला दरदरून घाम सुटला आणि ती उलट्या करायला लागली. हैबतीने काठी उचलली.

त्याची बायको ठकू पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. ती एवढंच म्हणाली, "पायथ्याशी धुळाजी आहे. काठी त्याला द्या. चढ तोच लवकर चढेल."

हैबती म्हणाला, "हो."

तो निघाला. तीन कोस माळ त्याने आजवर कधी केला नव्हता एवढ्या लवकर पार केला. चाल एकदाही मोडली नाही. देणार, देणार, असं तो मनात म्हणत होता.

घुंगरं लांबूनच ऐकून धुळाजी झोपडीबाहेर आला होता. एवढ्या उन्हात, एवढ्या घाईने काठी येते आहे म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने धोतर वर खोचलं होतं. हैबतीने घाईघाईत सगुणाचं सांगितलं. धुळाजीने हात पुढे केला.

"द्या, दाजी."

हैबतीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला वाटलं, हा हसतो आहे. त्याच क्षणी त्याला चावडी दिसली, तिथली माणसं दिसली आणि धुळाजीच्या हातात वाजणारी काठी दिसली. शेवटी चढाला आमचीच रीत लागली, असं म्हणणारे आवाजही त्याला ऐकू आले. आणि तो म्हणाला, "मला दम लागलेला नाही. मीच जातो."

धुळाजीच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. तो हसत नव्हता, डोळे बारीक करून बघत होता. पण हे हैबतीला फार नंतर कळलं.

शंभर पावलांत हैबतीचे पाय जड झाले. माळावर जी चाल त्याला कोसच्या कोस न्यायची, ती चढावर लागूच पडेना. जोर लावला की ऊर धपापायचा, आणि ऊर धपापला की श्वास परत खाली कसा बसवायचा हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण त्याने तो कधी एवढा चढू दिलाच नव्हता. तो बसला. उठला. पुन्हा बसला.

धुळाजी त्याच्या मागोमाग चढत होता. हैबती बसला की तोही दोन पावलांवर थांबायचा. चार वेळा त्याने हात पुढे केला. चौथ्या वेळी तो म्हणाला, "दाजी, मी कोणाला सांगणार नाही. खाली उतरलो की काठी परत करीन. पोरीची शपथ."

हैबती काठी टेकून उठला आणि चढायला लागला. त्यानंतर धुळाजीने हात पुढे केला नाही.

दरवाजापाशी पोचला तेव्हा हैबतीला घुंगरं वाजवायलाही हात उचलवेना. तो दरवाजावर रेलला तशी घुंगरं वाजली आणि दरवाजा उघडला. वैद्यांनी मुळी कुटून पुडी बांधून दिली आणि लगेच पोटात गेली पाहिजे असं सांगितलं. पुडी घेऊन हैबती बाहेर आला आणि तिथेच खाली बसला. मग मात्र त्याने पुडी धुळाजीच्या हातात ठेवली. पुडीला नियम नव्हता.

धुळाजी उतरणीवरून दगड घरंगळावा तसा गेला. माळावर पोचला आणि त्याला जसं येत होतं तसाच पळाला, जीव खाऊन. पण माळ तीन कोसांचा होता. थांबून चालत दम घ्यायला वेळ नव्हता आणि दम न घेता त्याला पळता येत नव्हतं. एका कोसावर त्याच्या पायांत गोळे आले. हैबती लंगडत, पाय ओढत मागून आला, तेव्हा धुळाजी हातांवर रांगत पुढे सरकत होता. पुडी त्याने दातांत धरली होती.

हैबतीने पुडी घेतली आणि उरलेले दोन कोस तो गेला. त्याची चाल आता कुठेच नव्हती.

अंगणात बायका जमल्या होत्या. त्या बाजूला झाल्या. ठकूने पुडीकडे पाहिलं आणि मग काठीकडे पाहिलं. काठी अजून त्याच्याच हातात होती.  

काठी दिली नाही म्हणून गावाने हैबतीला दोष दिला नाही. एका तटाचे लोक म्हणाले, धुळाजी माळावर पडला म्हणून उशीर झाला. दुसऱ्या तटाचे म्हणाले, हैबती चढावर बसला म्हणून. तेराव्यानंतर चावडीवर पुन्हा तोच वाद सुरू झाला.

घरात घुंगरं जरा जरी वाजली, तरी ठकू उठून आत जायची. म्हणून हैबतीने काठीला फडकं गुंडाळलं. एके सकाळी तो ती काठी घेऊन निघाला, माळ पार केला आणि झोपडीसमोर उभा राहिला. धुळाजी दारात बसला होता. त्याच्या अंगणापुढच्या चढाच्या वाटेवर गवत वाढायला लागलं होतं.

"घे," हैबती म्हणाला. त्याने काठी पुढे धरली.

धुळाजीने हात पुढे केला नाही. त्याने फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आता घेऊन कुठे जाऊ, दाजी?"

हैबती तसाच हात पुढे करून उभा राहिला. ऊन माथ्यावर आलं, कललं. शेवटी तो वळला आणि माळाला लागला. त्याचे पाय आपोआप जुन्या चालीला लागले. तीन कोसांत त्याला एकदाही दम लागला नाही.

तात्पर्य: आपलीच रीत खरी ठरावी म्हणून जो दुसऱ्याचा पुढे आलेला हात नाकारतो, त्याची रीत कदाचित खरी ठरते, पण जिच्यासाठी धावायचं ती उरत नाही.