बावीस सिनेमांची वही

"मग चाचा, स्टूल मला मिळणार की नाही?"

पोंक्षे सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीरचाचा भाकरीचा तुकडा चावत राहिले. तोंडातला घास संपल्याशिवाय बोलायचं नाही हा त्यांचा नियम, आणि दात चारच उरल्यामुळे तो नियम अलीकडे फार लांबत चालला होता.

मिरजेच्या नलिनी टॉकीजची ही केबिन. पडद्यावर सिनेमा सोडायचा तो इथून. रिळं गेली, मशिनं बदलली, मालकसुद्धा दोनदा बदलले. चाचा तेवढे राहिले. मशिनाशेजारी एक लाकडी स्टूल असायचं. चाचांच्या शेजारी त्यावर जो बसेल, त्याने चित्रमित्र मंडळाचा रविवारचा सिनेमा निवडायचा, अशी मंडळाची पहिल्यापासूनची रीत. आधी त्यावर बसणारे मास्तर मुलाकडे नाशिकला गेले आणि स्टूल रिकामं झालं. रिकामं म्हणजे, सध्या त्यावर चाचांचा डबा होता.

मुकुंद पोंक्षे कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. त्यांना हे स्टूल हवं होतं. किती हवं होतं म्हणाल, तर प्राचार्यांची खुर्ची चालून आली असती तरी त्यांनी आधी स्टुलाचं काय झालं ते विचारलं असतं. म्हणून तर मंडळाने फेब्रुवारीभर ऑस्करच्या यादीतले सिनेमे लावले, तेव्हा सरांनी एकही सोडला नाही. ताप अंगावर काढला. मेव्हणीच्या मुलाची मुंज बुडवली. त्या दिवसापासून घरात बायको त्यांच्याशी धड बोलेनाशी झाली.

"बावीस, चाचा. महिन्यात बावीस. मंडळात दुसऱ्या कोणाचे नऊच्या वर झाले असतील तर नाव सांगा."

"माशाल्ला," चाचा म्हणाले आणि पुढचा तुकडा मोडला.

सरांनी वही उघडून धरली. पानोपानी तक्ते. दिग्दर्शन, छायाचित्रण, अभिनय, संगीत. प्रत्येकाला दहापैकी गुण, खाली सरासरी.

"सिनेमा चालू असतानाच लिहिलंत हे?"

"अर्थात. नंतर लिहिलं की भावना मध्ये येतात."

चाचांनी हात धुतले, पुसले. भिंतीत एक वीतभर खिडकी होती, तिच्याकडे बोट केलं.

"इथनं मला खाली नुसती डोकी दिसतात, सर. यंदा एफ रांगेत रोज एक उजेड लुकलुकायचा. मला वाटायचं, कुणाचं तरी काहीतरी पडलंय बिचाऱ्याचं. रोज येऊन शोधतोय."

"ते माझं पेन आहे. टोकाला बारीक दिवा असतो. मुद्दाम मागवलं."

"सापडलं का मग?"

"काय?"

चाचांनी वही सरांच्या हातातून काढून घेतली आणि मिटली.

"आता एक सांगा. बाविसातला कुठलाही."

"सातव्याचं छायाचित्रण साडेआठ. अकराव्याचं संगीत..."

"ते वहीत हाय की."

खाली कोणीतरी खुर्च्या झाडत होतं. फटक्याचा आवाज येत राहिला. सरांनी सातवा आठवून पाहिला, अकरावा पाहिला. एकात घोडा होता बहुतेक. एकात समुद्र होता, पण कोणत्या ते कळेना. बावीस सिनेमे पाहिलेला माणूस घाबरला. स्टूल हातचं गेलं, हे त्याला स्वच्छ दिसलं.

"एक आहे," सर शेवटी म्हणाले. "पण तो धरू नका. त्याला मी गुण दिलेले नाहीत."

"का?"

"सुरुवातीलाच पेनातली रिफिल संपली. दुसरी घरी राहिली होती. मग काय करणार... पडद्याकडे बघत बसलो."

"बरं."

"एक म्हातारा होता. त्याची बायको गेलेली. तिचा चष्मा तो रोज सकाळी पुसून टेबलावर ठेवतो. घालणारं कोणी नाही. तरी पुसतो. एके दिवशी पुसताना त्याच्या हातून काच फुटते, तर तो... तो चष्मा दुकानात नेतो आणि म्हणतो, उद्यापर्यंत द्या, तिचा खोळंबा होईल..."

सरांनी रुमाल काढला, स्वतःचाच चष्मा उतरवून पुसला.

"घरी जाऊन हिला सांगितला. मुंजीनंतर पहिल्यांदा ती माझ्याशी नीट बोलली. पण तक्ता कोरा राहिला, चाचा. सरासरी काढताना तो सिनेमा मला वगळावा लागला."

"नाव काय त्याचं?"

"तेही लिहायचं राहिलं."

"त्या दिवशी एफ रांगेत अंधार होता," चाचा म्हणाले. "मला वाटलं, सर आजारी पडले."

त्यांनी स्टुलावरचा डबा उचलला आणि खाली जमिनीवर ठेवला.

सर बसले. स्टूल खडखडलं, त्याचा एक पाय आखूड होता. सर सावरेपर्यंत चाचा वाकले, वहीची घडी करून त्या पायाखाली सारली, आणि वरून हाताने दाबून बघितलं. स्टूल हललं नाही.

सरांचं तोंड उघडं राहिलं. बावीस सिनेमे त्या पायाखाली होते. पण स्टुलावर ते स्वतः होते. हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला.

चाचांनी ते पाहिलं.

"रविवारी जरा लवकर या, सर. पेन आणलंत तरी चालेल. रिफिल तेवढी घरी ठेवा."