अमर बादली आणि बायजा बोहारीण

"येत्या पुनवेपासून गावात एकही बोहारीण दिसता कामा नये होऽऽ!"

दवंडी ऐकून बायजाच्या डोक्यावरची टोपली डळमळली. लोकांचे जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात भांडी द्यायची, एवढ्यावरच तिची चूल पेटायची. पण राजा दुंदुभिरावांच्या राज्यात आता भांडं फुटणारच नव्हतं! दरबारचे रसायनशास्त्री वामनपंत यांनी असा एक पदार्थ शोधून काढला होता की त्याची बादली गंजेना, झिजेना, फुटेना. महाराजांनी लगोलग कारखाना काढला, प्रत्येक बादलीच्या तळाशी स्वतःची मिशीसकट छबी उठवली आणि घरोघरी एकेक निळी बादली घ्यायला लावली. एकदा घेतली की सात पिढ्यांची सोय! मग बोहारणी हव्यात कशाला?

बायजा तडक दरबारात गेली.

"म्हाराज, माझं पोट हाय ह्या टोपलीवर. ही बादली खरंच मरत न्हाई?"

पंत पुढे सरसावले. ऐकणारं कुणी भेटलं की शास्त्री थांबतात थोडेच! "अगं, डोळ्यांना न दिसणारे कण असतात. एकाने दुसऱ्याचा हात धरायचा, दुसऱ्याने तिसऱ्याचा. अशी लांबच लांब साखळी! अशा साखळ्या एकमेकींत गुंतल्या की झाली बादली. हत्तीने पाय दिला, हात सुटला नाही. तेजाबात बुडवली, तरी सुटला नाही!"

"आन् इस्तवात टाकली तर?"

पंतांना एकाएकी खोकला आला. "तो प्रयोग आम्ही... म्हणजे, धूर फार होतो."

"नसत्या चौकशा नकोत!" महाराज खेकसले. "राणीसाहेबांच्या न्हाणीघरात कारखान्याची पहिली बादली आहे. पुनवेच्या आत ती निकामी करून दाखव. फोडायची नाही, जाळायची नाही, चोरायची नाही! जमलं तर दवंडी मागे घेतो. नाही जमलं तर पहिली तूच वेशीबाहेर!"

"मी तिला हातसुदीक लावणार न्हाई, म्हाराज. फकस्त त्याच मालाच्या दोन बादल्या मला करून द्या. रंग डाळिंबी, आन् कडीला पिवळी मूठ."

सगळा दरबार हसला. पंतांनी तर पोटच धरलं. "वेडी गं वेडी! रंगाने काय होतंय? साखळी तीच!"

"तीच असू द्या की," बायजा म्हणाली.

बादल्या मिळाल्या. बायजाने त्यातली एक थेट सेनापतीणबाईंच्या दारात नेली आणि एका फाटक्या शालूवर देऊन टाकली. सेनापतीणबाईंची दासी रोज धुणं घेऊन राजवाड्यावरून नदीला जायची. आता ती डाळिंबी बादली कमरेवर मिरवत जाऊ लागली. राणीसाहेब आणि सेनापतीणबाईंचं सख्य विळ्या-भोपळ्याचं! राणीसाहेबांनी खिडकीतून ती बादली एकदा पाहिली, पुन्हा पाहिली, आणि त्यांना जेवण जाईना.

दरबारातली पैज जनानखान्यात सांगायची पद्धत नव्हती. महाराजांनीही ती सांगितली नाही.

"जुनं कपडं, भांडीऽऽय!" बायजाची आरोळी आली तसा आतून आवाज आला, "शुक्! मागच्या दाराने ये!"

"राणीसाहेब, एकच उरलीया. दोन पैठण्या पडतील."

"दोन? त्या बाईला फाटक्या शालूवर दिलीस ना?"

"ते सेनापतीचं घर. राणीच्या न्हाणीघरातली बादली तेवढ्यात आली, तर लोक काय म्हंतील?"

राणीसाहेब विरघळल्या. पण घासाघीस केल्याशिवाय बोहारणीकडून भांडं घेतलं तर ते अंगी लागतं का? शेवटी सौदा एका पैठणीवर आणि महाराजांच्या जरीच्या फेट्यावर आला. "कसर लागलीय, आणि तसाही तो त्यांना शोभत नाही."

"वरून काय तरी घाला की!"

"मग ती निळी बादली घेऊन जा. नुसती अडगळ!"

"तुमच्याच हातानं टोपलीत ठेवा, आईसाहेब. मला तिला शिवायचं न्हाई."

पुनवेच्या आदल्या दिवशी बायजाने भर दरबारात टोपली उतरवली. निळ्या बादलीवर महाराजांचाच फेटा!

"चोरी!" महाराज ताडकन उठले.

"चोरी कसली? मीच दिलीय!" पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला. "पैजबिज मला सांगतंय कोण इथे?"

पंतांनी बादली उलटसुलट करून पाहिली. "पण ही तर धडधाकट आहे! साधा ओरखडाही नाही. निकामी कुठे झाली?"

"धडधाकट हाय, तीच तर पंचाईत हाय, पंत! मडकं फुटलं की त्याची माती व्हती. हिची साखळी सुटंना, पर घरातल्या माणसाची हौस सुटली. आता ही न्हाणीघरातबी न्हाई आन् मातीतबी जायची न्हाई. तुमचं हे अमर मढं ठेवायचं कुठं?"

महाराजांनी बादलीत डोकावून पाहिलं. तळाशी त्यांचीच छबी होती आणि मिशीवर साबणाचा जाड थर बसला होता! ते आधी लाल झाले, मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि मग ते असे हसले की सिंहासन करकरलं.

"हरलो! दवंडी मागे! बोल, काय हवं?"

"मी गावानं टाकलेली हरेक बादली गोळा करीन, म्हाराज. ती पंतांच्या अंगणात टाकायची परवानगी द्या. हात धरायला त्यांनी लावलं, आता सोडवायबी त्यांनीच शिकावं!"

"दिली! आणि गाडीभाडं?"

"बादलीवर तोंड कुणाचं हाय, म्हाराज? गाडीभाडंबी त्याचंच!"

महाराज पुन्हा खो खो हसले, हातातलं सोन्याचं कडं उतरवून त्यांनी तिच्या टोपलीत टाकलं. पंत तेवढे हसले नाहीत. त्यांची नजर खिडकीबाहेर गेली होती. राणीसाहेबांच्या डाळिंबी बादलीची बातमी ऐकून आलेल्या गावभरच्या बायका आपापली निळी बादली बदलून घ्यायला कमरेवर घेऊन बायजाची वाट पाहत उभ्या होत्या.