आखडत गेलेला पूल

कोणे एके काळी, नदीकाठच्या एका लहानशा राज्यात पूल नव्हता. दर पावसाळ्यात नाव उलटायची आणि माणसं वाहून जायची. शेवटी राजानं दूरदेशीचा एक इंग्रज कारागीर बोलावला. त्याला मराठी येत नव्हतं आणि दरबारात कुणाला इंग्रजी येत नव्हतं. येत होतं ते फक्त गदाधरपंत दुभाष्यांना, तेही त्यांच्या स्वतःच्या सांगण्यावरून.

इंग्रजीत 'खूप' म्हणायला 'व्हेरी' म्हणतात, हे पंतांना ठाऊक होतं. पण 'टू' असाही एक शब्द त्यांच्या कानावर आला होता. तो 'व्हेरी'पेक्षा जोरदार, म्हणजे राजाच्या तोंडी शोभणारा, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. कुणाला विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे.

कारागिरानं पुलाचा लाकडी नमुना मांडला. राजा खूश झाला. पूल फार रुंद, फार उंच, फार भक्कम आहे असं त्यांना कळवा, असं तो म्हणाला. पंतांनी प्रत्येक 'फार'च्या जागी ठसक्यात 'टू' घातला.

कारागिरानं ऐकलं ते असं, की पूल नको तितका रुंद, नको तितका उंच, नको तितका भक्कम आहे. त्याला नवल वाटलं. पण राजाची इच्छा म्हणून त्यानं पूल अरुंद केला, ठेंगणा केला, दगडही बारीक घेतले.

पुढं पंत रोज कामावर जात आणि मनापासून 'टू' लावून स्तुती करत. पूल रोज थोडा आखडत गेला. पंत राजाला सांगत, "कारागीर मोठा विनयशील आहे, महाराज. कौतुक केलं की लाजून काम बदलतो."

उद्घाटनाला राजा हत्तीवरून आला. हत्तीनं पुलावर एक पाय ठेवला, तो जेमतेम मावला. हत्तीनं पाय काढून घेतला आणि तो मागं फिरला. लोक हसले. ज्यांची माणसं नदीत गेली होती, ते मात्र हसले नाहीत. राजा संतापला. जेवण झालं की या कारागिराला कोठडीत टाका, असा त्यानं हुकूम दिला. पाहुण्याला उपाशी कोठडीत धाडायची त्या घराण्याची रीत नव्हती.

राणीनं स्वतः झणझणीत रस्सा वाढला. पहिल्या घासालाच कारागीर कळवळून काहीतरी बोलला. त्यात 'टू' होता. पाहुण्यांना रस्सा अतिशय आवडला, आणखी वाढा, असं पंतांनी सांगितलं. राणीनं वाढला. कारागिराच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यानं दोन्ही हात आडवे धरून ताट झाकलं.

राणी म्हणाली, "पंत, आवडलेल्या जेवणावर कुणी असे हात धरत नाही."

पंत चपापले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी शब्दाचा अर्थ विचारला. नाक पुसत कारागिरानं सांगितलं, की 'व्हेरी' म्हणजे खूप आणि 'टू' म्हणजे नको तितकं.

पंत गप्प राहिले असते, तर कुणाला कळलंही नसतं. कारागिराची बाजू मांडायला दुसरं तोंडच नव्हतं. पंतांनी ताटावर बसलेल्या त्या माणसाकडं पाहिलं आणि ते राजापुढं जाऊन उभे राहिले.

"महाराज, पूल यांनी लहान केला नाही. माझ्या जिभेनं केला."

राजानं कारागिराची माफी मागितली, तीही पंतांच्याच तोंडून, एकेक शब्द विचारून. पूल पाडून नव्यानं बांधायचं ठरलं, आणि तो उभा राहीपर्यंत पंतांनी डोक्यावर दगड वाहिले. पुढच्या पुरात गाड्या, गुरं, माणसं सगळी कोरड्या पायांनी पलीकडं गेली.

तात्पर्य: अर्थ न विचारता लावलेला जोरदार शब्द कौतुकाचीही तक्रार करून टाकतो.