कातड्याची आतली बाजू

डोंगराखालच्या एका गावात मालोबा नावाचा एक हौशी गृहस्थ राहत होता. हौशी म्हणजे कसा? काम चिमूटभर आणि मिरवणं सूपभर!

त्याच्या म्हाताऱ्या आईचे, भागाईचे, गुडघे फार दुखत. घरातली फरशी थंडगार. त्यात थंडी तोंडावर आलेली. अशात एक हरीण कड्यावरून पडून मेलं. गावकऱ्यांनी ठरवलं, "याचं कातडं भागाईला द्या. म्हातारीला बसायला ऊब होईल."

मालोबा म्हणाला, "आई, हे कातडं मी स्वतः कमावतो, केसांसकट! असं आसन राजाकडेही नसेल."

त्याची बायको गोजरा हिच्या माहेरी घरोघर कातडी कमावत. ती म्हणाली, "अहो, आधी आतली बाजू खरवडा. मांस, चरबी काही ठेवू नका. मग मीठ चोळा, तुरटीच्या पाण्यात भिजवा आणि वाळताना ओढून ओढून मऊ करा."

मालोबाने खरवडायला घेतलं. अरे बापरे, काय तो वास! एवढ्यात कुंपणापाशी कोणीतरी म्हणालं, "वा मालोबा, केस काय सुंदर आहेत!" झालं. मालोबाने कातडं उलटं केलं, त्यावरून फणी फिरवली, तेलाचा हात दिला आणि केस बाहेर करून ते भिंतीवर टांगलं. जाणारा-येणारा थांबून बघू लागला.

"अहो, आतलं राहिलंय. तुम्हाला जमत नसेल तर मी करते," गोजरा म्हणाली.

"हात लावू नकोस! माझं काम आहे. आणि आतून बघतंय कोण?"

वास वाढला, तेव्हा पठ्ठ्याने धूप जाळला.

मग एक दिवस त्याने गाव जेवायला बोलावलं. ओसरीवर कातडं अंथरलं आणि पाटलांना मोठ्या मानाने त्यावर बसवलं. पाटील जरा सरकले, पान खाल्लं आणि उठले. बघतात तो काय, धोतराला मागून केसच केस! आत राहिलेली चरबी कुजली होती, केसांची मुळं सुटली होती. खाली उरलं होतं टक्कल पडलेलं कातडं.

"पाटील, आता शेपूट तेवढी लावायची राहिली!" कोणीतरी ओरडलं. लोक पोट धरधरून हसले. पाटीलही हसले. मालोबाही ओशाळून हसला.

पण पाहुणे गेल्यावर भागाईने मुकाट्याने आपलं जुनं गोणपाट फरशीवर अंथरलं आणि कण्हत त्यावर बसली. ते बघून मालोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाव हसलं त्याचं काही नाही. आई थंडीत बसणार होती, ती त्याच्यामुळे.

पुढे पाटलांकडे बोकड कापला, तेव्हा मालोबा खाली मान घालून कातडं मागायला गेला. घरी येताच त्याने ते उलटं पसरलं आणि खरवडायला बसला. वास तोच होता, पण या वेळी तो उठला नाही. हात भरून आले तरी कानाकोपरा सोडला नाही. मीठ, तुरटी, सगळं गोजराला विचारून केलं. वाळत आलेलं कातडं खांबाच्या कडेवर ओढता ओढता घामाघूम झाला.

"अरे, दाखव की केस!" शेजारी म्हणाले.

"थांबा हो, अजून आतलंच चाललंय."

शेवटी त्याने ते आईपुढे अंथरलं. भागाई शहाणी, तिने आधी केसांची एक बट धरून चांगली ओढली. एकही केस हाती आला नाही. मग ती हळूच बसली, पाय लांब केले आणि डोळे मिटले.

"आई, कसं वाटतंय?"

"मालू," भागाई म्हणाली, "जेवायला मला उठवू नका रे. ताट इथंच आणा!"

तात्पर्य: लोकांना न दिसणारं काम आधी नीट करावं, दिसणारी शोभा टिकते ती त्याच्याच जोरावर.