नवरीची दुलई

फार फार पूर्वी, चेक देशाच्या दक्षिणेला, जिथे शेतांपेक्षा तळी जास्त आणि तळ्यांपेक्षा धुकं जास्त, अशा एका गावात एक आई आणि तिची लेक राहत होत्या.

हिवाळा आला की ते गाव पेंगायला लागायचं. तळी गोठायची, वाटा बुजायच्या, घोड्यांच्या टापासुद्धा बर्फात विरून जायच्या. मग बायका एकेकीच्या घरी जमून पिसं सोलायला बसायच्या. घरोघर राजहंस पाळलेले असत. त्यांची पिसं साठवायची, प्रत्येक पिसातली ताठ काडी काढून टाकायची आणि उरलेल्या मऊ पिसांची दुलई करायची. लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला ती दुलई द्यायचीच, मग दुसरं काही नसलं तरी चालेल. वरातीच्या गाडीत ती सगळ्यात वर ठेवत. दुलई किती फुगली आहे, हे लोक आधी बघत आणि नवरीकडे नंतर.

या लेकीचं लग्न ठरलं होतं दूरच्या डोंगरातल्या मुलाशी. तिथली थंडी म्हणजे हाडं गोठवणारी. म्हणून आईने कित्येक वर्षं पोती भरभरून पांढरीशुभ्र पिसं जपून ठेवली होती. लग्न दोन दिवसांवर आलं, तेव्हा शेजारपाजारच्या बायका मदतीला आल्या.

दिवेलागणीची वेळ होती. टेबलावर सोललेल्या पिसांचा एवढा मोठा ढीग झाला होता की पलीकडे बसलेलीचा फक्त डोक्याचा रुमाल दिसावा. अशा खोलीत शिंकायचं नाही, खो खो हसायचं नाही आणि दार तर उघडायचंच नाही. एक जण तळ्यातल्या हिरव्या पाणभुताची गोष्ट कुजबुजत सांगत होती. बाकीच्या ऐकत होत्या की डुलक्या घेत होत्या, देव जाणे. बोटं मात्र चालू होती.

तेवढ्यात दार वाजलं.

"मी आहे गं. उघडा," बाहेरून आवाज आला.

आवाज सगळ्यांनी ओळखला. गावाच्या टोकाला राहणारी ती खट म्हातारी! तरुणपणी तिने एका घरी पिसं सोलताना खिडकीतून चिमण्या आत सोडल्या होत्या. चिमण्या फडफडल्या आणि सगळी पिसं उडाली. तेव्हापासून तिला कुणी बोलवत नसे.

"खोड जात नाही बघ हिची," एक शेजारीण फणकारली. "अजिबात उघडू नका."

"उघडायचंच असेल तर आधी पिसं पोत्यात भरू," आई म्हणाली. पण पिसं भरायची म्हणजे मूठमूठ दाबून भरायची. त्याला किती वेळ लागतो!

दार पुन्हा वाजलं, पण या खेपेला अगदी हळू. मग काहीच ऐकू येईना.

लेकीने ढिगाकडे पाहिलं. तिला डोंगरातलं ते गारठलेलं घर दिसलं. मग तिने दाराकडे पाहिलं.

"आई, मस्करी करणारं माणूस इतकं हळू दार वाजवत नाही," ती म्हणाली. कुणी अडवायच्या आत ती उठली आणि तिने दार उघडलं.

वारा आत घुसला. ढीग उठला, छताला लागला आणि खोलीभर पसरला. बाहेरून बर्फ आत येत होता, आतून पिसं बाहेर जात होती. बर्फ कुठला आणि पिसं कुठली, कुणालाच कळेना. क्षणभर सगळ्या आ वासून बघतच राहिल्या. कुणी कबूल केलं नाही, पण ते फार सुंदर दिसत होतं.

उंबऱ्यावर म्हातारी पडली होती. बाजारातून येताना ती वाट चुकली होती. तिचे ओठ निळे पडले होते. बायकांनी तिला उचलून चुलीपाशी नेलं, हातपाय चोळले, गरम सूप पाजलं. हळूहळू तिने डोळे उघडले.

"माझ्यामुळे गेली ना गं पिसं?" तिने विचारलं.

"गेली, आजी," लेक म्हणाली. "पण तुम्ही राहिलात."

असं ती बोलली खरी. पण खोटं कशाला सांगू, सगळ्या निघून गेल्यावर ती उशीत तोंड खुपसून खूप रडली. अर्धी पिसं बर्फात भिजून वाया गेली होती. "डोंगरात कुडकुडशील तेव्हा आठवेल," आई म्हणाली आणि स्वतःही डोळे पुसू लागली.

लग्नाच्या दिवशी वरातीची गाडी निघाली. वर दुलई होती, पोळीसारखी चपटी. लेकीने मान खाली घातली.

पहिल्याच घरापाशी ती फणकारणारी शेजारीण आडवी आली. "थांबवा गाडी! हे घे. त्या दिवशी तुझी पिसं माझ्या शालीत अडकून आली होती." तिच्या हातात भोपळ्याएवढं गाठोडं होतं. एवढी पिसं मावणारी शाल त्या गावात काय, राजाच्या घरीसुद्धा नसेल!

पुढच्या घरीही तेच झालं. कुणाच्या रुमालात, कुणाच्या बाहीत पिसं अडकली होती म्हणे. त्यांत करडी होती, तपकिरी होती. लेकीचे राजहंस तर सगळे पांढरे होते! म्हातारी गाडीत चढून बसली. तिने दुलईची शिवण उसवली आणि ती पिसं आत भरू लागली.

गावाच्या वेशीवर गिरणीवाली उभी होती. पिसं उडाली त्या संध्याकाळी ती बहिणीच्या गावी गेली होती. तिने आख्खं पोतंच गाडीत टाकलं.

"माझ्या शालीत आली होती," ती चेहरा सरळ ठेवून म्हणाली.

"पण मावशी, तुम्ही तर त्या दिवशी..." लेक म्हणाली.

आईने तिला कोपराने ढोसलं. "घे गं मुकाट्याने."

लेकीने दुलईत तोंड लपवलं आणि तिचे खांदे हलू लागले. ती हसत होती की रडत होती, ते आईलाही कळलं नाही.

तात्पर्य: अडलेल्या माणसासाठी दार उघडताना आपलं काय उडून जाईल याची भीती बाळगू नये. आपण एकाला ऊब दिली, तर आपल्याला ऊब द्यायला आख्खं गाव काहीतरी निमित्त शोधून काढतं.