सातव्या ओळीचे पिल्लू

डोंगरउतारावरच्या एका जंगलात, करवंदीच्या जाळीखाली, एक रानकोंबडी राहत असे. तिला सात पिल्ले होती आणि दिवसभर त्या सातांचाच घोर असे. रोज सकाळी ती त्यांना ओढ्यापलीकडच्या वारुळाशी वाळवी टिपायला नेई आणि ऊन चढण्यापूर्वी परत आणी. परतल्यावर ती पिल्ले मोजू लागे. पण पिल्लेच ती, एका जागी कशी ठरणार? आई तिसऱ्यापर्यंत पोचते न पोचते, तोच पहिले पाचव्याच्या मागे जाऊन उभे राही. मग पुन्हा सुरुवात. गेल्या वर्षी असेच मोजता मोजता एक पिल्लू कमी भरले होते, आणि ते कुठे राहिले हे तिला कधीच कळले नव्हते.

जाळीशेजारच्या झाडावर राहणाऱ्या साळुंकीला तिची दया आली. "कोंबडीताई, तुझी मोजणी ऐकून माझी मान दुखायला लागली," ती म्हणाली. "पिल्लांनाच आकडे शिकव की. मी गाणं बांधून देते." आणि तिने खरेच बांधून दिले :

एक दाणा, टिपून आणा,
दोन पानं, डोलवा मान,
तीन काड्या, मारा उड्या,
चार खडे, चला पुढे,
पाच फुलं, आम्ही मुलं,
सहा वेली, लपलो खाली,
सात पिल्लं घरी आली.

मुलांनो, दोन दिवसांत ते गाणे पिल्लांच्या तोंडी बसले. वाळवी टिपताना ती गात, पाणी पिताना गात, आईच्या पंखांखाली शिरल्यावरही गात. जाळीत परतल्यावर आई म्हणे, "म्हणा पाहू." सगळी एका सुरात म्हणत, गाणे सातापर्यंत पोचे, आणि आई निर्धास्त होई. मोजायचे तिने सोडूनच दिले.

एके दिवशी परतताना ओढ्याकाठच्या गवतात काहीतरी सळसळले. आईने इशारा देताच पिल्ले वाट फुटेल तिकडे पळाली आणि एकेक करून जाळीत शिरली. "म्हणा पाहू," धापा टाकत आई म्हणाली. पिल्लांनी म्हटले. सात पिल्लं घरी आली. आईने पंख पसरून त्यांना पोटाशी घेतले, पण डाव्या पंखाखाली गार वाटत होते. तिने पुन्हा गाणे म्हणायला लावले. पुन्हा सात.

"गाणं पुरं झालं ना?" साळुंकी वरून म्हणाली. "मग आता कसली काळजी करतेस?"

"गाणं पुरं झालं, पण कूस भरली नाही," रानकोंबडी म्हणाली. ती उठली आणि तिने पिल्लांना रांगेत उभे केले. "आता सगळ्यांनी मिळून म्हणायचं नाही. ज्याच्या डोक्यावर मी चोच टेकवीन, त्यानेच एक ओळ म्हणायची. बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही."

एक दाणा झाला, दोन पानं झाली. सहा वेलींपाशी रांग संपली. चोच टेकवायला पुढे डोकेच नव्हते.

"आई, सातवी ओळ मी म्हणू?" पहिले पिल्लू म्हणाले. "मला येते."

"ती तुम्हा सगळ्यांना येते रे," आई म्हणाली. "ज्याने म्हणायची, तेच इथं नाही."

साळुंकीला सहा पिल्लांवर नजर ठेवायला सांगून ती आल्या वाटेने धावत सुटली. गवत पाहिले, दगडांच्या फटी पाहिल्या. अखेर ओढ्याच्या वाळलेल्या चिखलात बारीक आवाज ऐकू आला. गव्याच्या खुराने पडलेल्या खोल खड्ड्यात पिल्लू अडकले होते आणि भीती घालवायला एकटेच गात होते, "सात पिल्लं घरी आली." काठावर एक मुंगूस कान टवकारून तेच गाणे ऐकत होते.

रानकोंबडी पिसे फुलवून सरळ मुंगसाच्या अंगावर गेली. चोच डोळ्याजवळून गेली तसे मुंगूस चार पावले मागे हटले आणि पुढे यावे की नाही, याचा विचार करत बसले. तेवढ्या वेळात तिने पायांनी खड्ड्याची कड उकरली. माती ढासळली, तिच्यावर पाय देत पिल्लू वर आले, आणि दोघे जाळीत पोचेपर्यंत आईने मागे वळून पाहिले नाही.

साळुंकी खालच्या फांदीवर उतरली. "ताई, माझं गाणं चुकलं का?" तिने विचारले.

"गाणं छान आहे. मीच त्याच्यावर सगळं सोपवून बसले होते."

तिने पिल्लांना रांगेत उभे केले आणि पहिल्याच्या डोक्यावर चोच टेकवली. सातव्या डोक्यापर्यंत जायला बराच वेळ लागला.

"असं हळू म्हणायला मजा येत नाही, आई," मधले एक कुरकुरले.

"नसेना का," आई म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तात्पर्य : गाण्यामुळे आकडे पाठ होतात, पण प्रत्येक आकड्यासरशी एकेकाला नीट पाहिले, तरच ती मोजणी होते.