निंबाजीची वाळू

तुमच्या आजोबांचे आजोबा अंगणात रांगत असतील, तेव्हाची ही गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याशी बोरवड नावाचं गाव होतं, आणि अख्ख्या बोरवडात वाचता येणारा माणूस एकच. निंबाजी.

तरुणपणी तो दूर शहरात एका कचेरीत पाणी भरायच्या कामाला होता. सात वर्षांनी परतला तो डोळ्यांना चष्मा लावून. त्याच आठवड्यात कुणीतरी त्याच्यापुढं पत्र धरलं. "कचेरीतला माणूस तू, वाच की." निंबाजीला एक अक्षर ओळखता येत नव्हतं. तसं सांगायला त्यानं तोंड उघडलंही. पण दहाजण इतक्या आशेनं बघत होते, की त्यानं कागद हातात घेतला. पत्र आणणाऱ्या हरकाऱ्याकडून जे कानावर आलं होतं, तेच त्यानं कागदात बघून सांगितलं. लोक खूश होऊन गेले.

तिथून वीस वर्षं तेच. पत्र कुठल्या गावचं, हरकारा काय बोलला, ऐकणाऱ्याच्या तोंडावर कसली काळजी, हे बघून तो मजकूर रचायचा. आणि ते इतकं बरोबर निघायचं, की बंद पत्रावर नुसता हात ठेवून तो आतलं सांगायचा, असं म्हणतात. पारावर त्याची बसायची जागा वरची. घरी मात्र तो बायकोच्याही नजरेला नजर देत नसे.

त्याच गावात धुरपता नावाची विधवा बाई राहायची. गोधड्या शिवून तिनं एकुलती लेक वाढवली होती, कौतिक. लेक दिली होती तीन मुक्कामांवरच्या गावात. एका पौषात तिच्या सासरचं पत्र आलं. कौतिक पोटुशी आहे हे निंबाजीला ठाऊक होतं. त्यानं चष्मा सारखा केला आणि वाचलं, "कौतिक सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाला. थंडी फार आहे, तुम्ही यायची घाई करू नका."

धुरपतानं घरोघर गूळ वाटला आणि नातवासाठी दुपटं शिवायला घेतलं.

पंधराव्या दिवशी कौतिकचा दीर आला. दुपटं बघून तो उंबऱ्यातच खाली बसला.

"माय, पत्र पोचलं नाही का? वहिनी तापात होती. सारखं तुमचं नाव घेत होती. आठ दिवस दाराकडं बघत होती, माय."

कौतिक गेली होती, आणि पोटातलं बाळही गेलं होतं.

धुरपता तशीच उठून पारावर आली. मागं सगळं गाव. ती रडली नाही, ओरडली नाही. पत्र पुढं धरून म्हणाली, "निंबाजीभाऊ, तुला वाचता येतं ना?"

शाई पुसट होती, चष्मा जुना झाला, असं काहीही सांगता आलं असतं. निंबाजीनं मान खाली घातली. ती मान त्यानं पुढं जन्मभर वर केली नाही, असं म्हणतात. तो म्हणाला, "नाही."

त्याच दुपारी तो गावातून निघून गेला. कुणी अडवलं नाही. चार मुक्कामांवरच्या एका मोठ्या गावी पंतोजींची शाळा होती, तिथं जाऊन सहा-सात वर्षांच्या पोरांच्या मागं हा पन्नाशीचा माणूस पाटी घेऊन बसला. पोरं हसायची. पंतोजी पोरांना दटावायचे, तर हाच म्हणायचा, "हसू द्या गुरुजी, मला चालतं." वर्षभरात त्यानं इतकं गिरवलं, की बोटाचं टोक झिजून सपाट झालं, असं म्हणतात.

पुढच्या पौषात तो धुरपताच्या दारात उभा राहिला. "ते पत्र असेल तर दे, बाई. वाचतो."

तिनं पेटीतून पत्र काढलं. निंबाजी बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचायला लागला. "कौतिकला ताप आहे... तुमचं नाव घेते..." पुढच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"पुढं वाच," धुरपता म्हणाली.

"असाल तशा निघून या."

तिनं पत्राची घडी घालून ते पेटीत ठेवलं. मग ती म्हणाली, "मला शिकव. इथून पुढं माझं पत्र माझं मी वाचणार."

"मी कोणत्या तोंडानं शिकवू?"

"ज्या तोंडानं खोटं वाचलंस, त्याच तोंडानं." ती सुई-दोरा घेऊन आली. "आणि वर बसून नाही शिकवायचं. तुला टाका घालता येतो?"

"नाही."

"मोठ्यानं सांग. रस्त्यावरच्यांना ऐकू जाऊ दे."

निंबाजी दारात उभा राहून ओरडला, "मला टाका घालता येत नाही!" बायका घराबाहेर आल्या, पण कुणी हसलं नाही.

नदीकाठच्या वाळूत दोघं बसायला लागली. अर्धा वेळ तो वाळूत अक्षरं काढायचा, अर्धा वेळ ती त्याचे वाकडे टाके उसवायची. हळूहळू माणसं जमली. येणाऱ्यानं आधी आपल्याला काय येत नाही ते सांगायचं आणि ते शिकायचं, मगच येतं ते शिकवायचं, हा धुरपताचा नियम. कुंभार हिशेब शिकला आणि त्यानं पाटलीणबाईंना चाक फिरवायला शिकवलं. त्या वर्षी नदीला पूर आला, दोन दिवस वाळू पाण्याखाली होती. पूर उतरला तेव्हा सगळी अक्षरं जिथल्या तिथं होती. काहींची शिकवणी अजून व्हायची होती, म्हणून नदीनं ती पुसली नाहीत, असं म्हणतात.

धुरपतानं स्वतःच्या हातानं पहिलं पत्र जावयाला लिहिलं, 'कौतिक शेवटी काय बोलली ते कळवा.' उत्तर आलं. ते तिनं एकटीनं वाचलं. त्यात काय होतं हे ती कुणाला बोलली नाही, आणि निंबाजीनं विचारलं नाही. माफीही त्यानं मागितली नाही. मागायचा आपल्याला हक्क नाही, असं तो समजत होता. आणि तिनंही कधी दिली नाही. पण मरेपर्यंत रोज दुपारी दोघं त्या वाळूत शेजारी बसत होती.

त्या जागेला आजही निंबाजीची वाळू म्हणतात. तिथं पुतळा नाही, देऊळ नाही. पौषातल्या एका दुपारी गाव तिथं गोळा होतं आणि सगळे खालीच बसतात. गावात ज्याचा मान सगळ्यांत मोठा, त्यानं पहिलं उठून आपल्याला काय येत नाही ते सांगायचं. गेल्या वर्षी शाळेचे हेडमास्तर उठले. म्हणाले, "मला पोहता येत नाही. तीस वर्षं सांगत आलो, की वेळ मिळत नाही."

कुणी हसलं नाही. गुरुजी खाली बसले, तशी नदीत रोज पोहणारी सातवीतली एक मुलगी उठली, आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.